अंतऱ्यातला सुजान



सरोजिनी नगरात मराठीतून व्याख्यान द्यायचे निमंत्रण आले, तेव्हा पहिला प्रश्न मनात आला तो विषयाचा. लखनौच्या कानपूर रस्त्यावरची ही वस्ती. शेजारी अमौसीचा विमानतळ, जवळच स्कूटर्स इंडियाचा, आता बंद झालेला, कारखाना. नोकरीधंद्याच्या निमित्ताने इकडे आलेली, इथेच रुजलेली आपली मराठी घरे. या वस्तीला नाव आहे ते एका कवयित्रीचे. सरोजिनी नायडू स्वतंत्र भारतात या प्रांताच्या पहिल्या राज्यपाल झाल्या आणि २ मार्च १९४९ रोजी याच शहरात त्यांचा देह पडला. कवयित्रीचे नाव धारण करणाऱ्या गावात कशावर बोलावे? मला वाटले, अशा माणसावर बोलावे जो तुमच्याआमच्यासारखाच मुंबईकडून लखनौला आला, आयुष्याची जवळजवळ तीस वर्षे इथे राहिला, आणि जाताना या शहरात शेकडो गाणी ठेवून गेला. नाव श्रीकृष्ण नारायण रातंजनकर. शिष्य त्यांना अण्णासाहेब म्हणत. ते स्वतःच्या बंदिशीत स्वतःला म्हणत, ‘सुजान’.

त्यांना आपण काय म्हणून ओळखतो? भातखंड्यांचे पट्टशिष्य म्हणून. मॅरिस कॉलेजचे प्राचार्य म्हणून. मोठमोठ्या गवयांचे गुरू म्हणून. हे सगळे खरे आहे. पण या तिन्ही ओळखींच्या आड एक चौथा माणूस झाकला गेला. तो म्हणजे रचनाकार. आज मला त्या चौथ्या माणसाविषयी बोलायचे आहे. आणि माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे ऐकायला सोपे जाईल. विसाव्या शतकातल्या आपल्या संगीतात आधुनिक कोण, असे मला कुणी विचारले, तर मी रातंजनकरांचे नाव घेईन. त्यांनी जुने काही मोडले म्हणून नव्हे. जुने सगळे उघड्यावर मांडल्यानंतरही त्यात नवे रचता येते, हे त्यांनी रचून दाखवले म्हणून.

आधुनिक हा शब्द आला की आपल्या डोळ्यांसमोर मोडतोड उभी राहते. युरोपात तसे झालेही. फिनलंडचेच उदाहरण घ्या. आआरे मेरिकांतो नावाचा तिथला संगीतकार. त्याने १९२२ साली ‘युहा’ नावाचा ऑपेरा पुरा केला. त्याच्या काळाला ते संगीत पेलले नाही. ऑपेरा रंगमंचावर आला १९६३ मध्ये, तोवर त्याला जाऊन पाच वर्षे झाली होती. आपल्या काही रचनांची पाने तर त्याने स्वतःच्या हाताने कापून काढली. केवढे दुःख असेल ते! पण एक गोष्ट लक्षात घ्या. ‘युहा’ कित्येक वर्षे कपाटात पडून राहिला आणि तरी जगला, कारण तो कागदावर होता. आपल्याकडे काय होते? आपल्याकडे गवई गेला की त्याच्याबरोबर बंदिश जात होती. गळ्यातली गोष्ट गळ्याबरोबर सरणावर चढत होती. आपला आधुनिक काळ सुरू व्हायचा होता, तो आधी या ठिकाणी.

म्हणून पहिला मुद्दा: रातंजनकर घडले कसे?

१८९९ आणि १९०० या दोन सालांच्या सांध्यावर मुंबईत त्यांचा जन्म झाला. वडील पोलीस खात्यात, पण मन गाण्यात. मुलगा सात वर्षांचा झाला तेव्हा कारवारकडच्या कृष्णम भट्टांकडे त्याची तालीम सुरू झाली. पुढे ग्वाल्हेर परंपरेतले अनंत मनोहर जोशी, म्हणजे आपले अंतुबुवा, त्यांचे गुरू झाले. आणि १९११ च्या सुमारास हा मुलगा पंडित विष्णु नारायण भातखंड्यांच्या नजरेस पडला.

भातखंडे कोण, हे या शहरात सांगायला नको. तरी दोन शब्द बोलतो. वाळकेश्वरात १८६० साली जन्मलेला, वकिली शिकलेला हा माणूस. देशभर हिंडला. ग्रंथालयांतून जुनी हस्तलिखिते वाचली, उस्तादांच्या दारी बसला, मिळेल ती चीज ऐकून लिहून घेतली. दहा थाटांची व्यवस्था मांडली. ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत सुमारे अठराशे चिजा स्वरलिपीसह छापल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, ताराला वर टिंब, समेला फुली. आपल्यापैकी ज्यांनी लहानपणी पेटीवर बोटे ठेवून पहिली सरगम वाचली, त्यांना या खुणा आईच्या हस्ताक्षराइतक्या ओळखीच्या असतील. आणि यातले बहुतेक काम कुठल्या भाषेत झाले? मराठीत! म्हणजे ज्या भाषेत आज मी तुमच्याशी बोलतो आहे, त्या भाषेतून हिंदुस्थानी संगीताचा हा सारा पसारा पहिल्यांदा वाचकांपुढे आला.

१९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिथे हा कोवळा श्रीकृष्ण गायला. पुढे भातखंड्यांनी त्याच्यासाठी एक निर्णय घेतला, आणि माझ्या मते या साऱ्या कथेचे मूळ त्या निर्णयात आहे. त्यांनी त्याला आपल्याच ग्रंथांपाशी बसवून ठेवले नाही. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती मिळवून दिली आणि आग्रा घराण्याच्या उस्ताद फैयाज खाँसाहेबांच्या हवाली केले. पाच वर्षे.

विचार करा. ज्या भातखंड्यांनी अनेक उस्तादांविषयी कडक शब्द लिहिले, विद्या दडवून ठेवतात म्हणून ज्यांनी त्यांच्यावर ठपका ठेवला, त्या भातखंड्यांनी आपला सर्वांत लाडका शिष्य पाठवला कुठे? उस्तादाकडे! आपल्या ग्रंथात सगळे असेल, पण गाणे नसेल, हे त्यांना पक्के ठाऊक होते. भातखंड्यांच्या त्या कडक शब्दांवर आज टीका होते, आणि त्या टीकेत तथ्य आहे असे मलाही वाटते. काही ठिकाणी त्यांनी उस्तादांवर अन्याय केला. पण त्यांच्या शब्दांबरोबर त्यांची ही कृतीही तोलली पाहिजे. रातंजनकरांच्या ठायी ग्रंथ आणि गळा, पंडित आणि उस्ताद, एकत्र नांदले. एका गुरूने विचारायला शिकवले, हा स्वर इथे का? दुसऱ्या गुरूने गाऊन दाखवले, असा, म्हणून. या दोन्ही गोष्टी ज्याला मिळाल्या, तोच पुढे रचनाकार होऊ शकत होता.

दुसरा मुद्दा: लखनौ.

भातखंड्यांचे स्वप्न होते एका मोठ्या संगीत विद्यालयाचे. ते मुंबईत उभे राहिले नाही, दिल्लीत राहिले नाही. उभे राहिले इथे. १९२४ आणि १९२५ च्या परिषदा लखनौला झाल्या. राय उमानाथ बली, राजा नवाब अली, प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांनी पाठबळ दिले, आणि १९२६ साली गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्या नावाने मॅरिस कॉलेज सुरू झाले. त्याच साली रातंजनकर मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. थोड्याच काळात कॉलेजची धुरा त्यांच्या खांद्यावर आली, आणि पुढची जवळजवळ तीन दशके ती त्यांनी उतरवली नाही.

कॉलेज वसले ते कैसरबागेतल्या परीखान्यात. हे स्थळ मला फार बोलके वाटते. परीखाना म्हणजे वाजिद अली शाहचा परीखाना. तिथे गाणे होते, नृत्य होते, पण ते एका नवाबाच्या मर्जीने होते. १८५६ साली इंग्रजांनी अवधचे राज्य खालसा केले, वाजिद अली शाह कलकत्त्याला मटियाबुर्जात गेले, आणि त्या वास्तूतला सूर विझला. पुढे त्याच वास्तूत सूर परत आला तो विद्यार्थ्यांच्या तोंडून. कारकुनाचा मुलगा, मास्तरची मुलगी, ज्याला फी भरता येईल आणि ज्याला गळा असेल तो प्रत्येक जण. दरबाराची जागा वर्गाने घेतली. आधुनिकता म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

पण वर्ग म्हणजे फळा आणि खडू एवढाच नव्हता. तबला शिकवायला लखनौ घराण्याचे खलिफा आबिद हुसेन खाँ होते, सरोद शिकवायला सखावत हुसेन खाँ होते. आणि प्राचार्यांचे घर म्हणजे गुरुकुलच होते. बेळगाव जिल्ह्यातल्या बैलहोंगलचा अकरा वर्षांचा एक मुलगा इथे आला आणि त्या घरातलाच होऊन राहिला. ते कृष्ण गुंडोपंत गिंडे. एस. सी. आर. भट, चिदानंद नगरकर, दिनकर कायकिणी, सुमती मुटाटकर असे किती जण! व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग याच परंपरेतले. सिनेमाच्या जगात गेलेले संगीतकार रोशन इथले विद्यार्थी. तलत महमूद इथे शिकले. बॉम्बे टॉकीजच्या सरस्वतीदेवी इथल्याच. तुम्ही रेडिओवर रोशन यांचे एखादे रागदारीतले चित्रपटगीत ऐकता, तेव्हा परीखान्यातल्या त्या वर्गाची थोडीशी हवा तुमच्या खोलीत येत असते.

आता तिसरा मुद्दा. माझ्या दृष्टीने हा मुख्य, आणि यावर मी थोडा रेंगाळणार आहे. रचनाकार सुजान.

बंदिश म्हणजे काय? तिला चीज म्हणा, ख्याल म्हणा. चार ओळी. दोन स्थायीच्या, दोन अंतऱ्याच्या. वाचायला घेतली तर अर्धे मिनिट लागते. त्या चार ओळींत रचनाकाराला काय काय साधायचे असते? मुखडा असा उठायला हवा की तो समेवर आपसूक येऊन बसेल. रागाचे चलन त्यात उमटायला हवे, पण पाठ म्हटल्यासारखे नव्हे. शब्दांचे वजन तालाच्या मात्रांशी भांडायला नको. अंतरा तार षड्जाकडे चढायला हवा, आणि परत येताना स्थायीचे दार उघडे सापडायला हवे. एवढे झाले तर गाणारा तिच्यात तासभर राहू शकतो. बंदिश हे छोटे घर असते, पण त्यात राहणाऱ्याला अंगण फार मोठे मिळते.

भातखंड्यांनीही रचना केल्या. ‘चतुर’ या नावाने त्यांनी लक्षणगीते लिहिली. रागाचे वादी, संवादी, वर्ज्य स्वर हे सगळे शब्दांतच सांगणारी ती गीते. शिकणाऱ्याला त्यांचा मोठा आधार. रातंजनकरांनीही लक्षणगीते रचली. पण ते तिथे थांबले नाहीत. ख्याल, ध्रुपद, धमार, तराणे, ब्रजातल्या रचना, संस्कृतातल्या रचना. दक्षिणेत वर्णम् नावाचा प्रकार आहे, त्या धर्तीवर हिंदुस्थानी रागांत त्यांनी रचना केल्या. ‘गोवर्धन उद्धार’, ‘झांसी की रानी’ अशी संगीतनाट्ये रचली. मणिकर्णिका तांबे नावाच्या मराठी मुलीची कथा, उत्तरेच्या भाषेत, लखनौच्या मराठी प्राचार्याच्या सुरांत! त्यांच्या बंदिशी ‘अभिनव गीतमंजरी’च्या भागांतून छापून निघाल्या. नवीन राग त्यांनी बांधले: मार्गबिहाग, केदारबहार, सावनी केदार, रजनी कल्याण, सालगवराळी.

केदारबहारवर क्षणभर थांबू या, कारण या एका नावात त्यांची सारी रीत दिसते. दोन राग जोडायचे म्हणजे दोन कापडे जोडण्यासारखे नसते. शिवण दिसली की राग मेला. मग जोड कुठे द्यायचा? केदाराचा वादी मध्यम, संवादी षड्ज. बहारचाही वादी मध्यम, संवादी षड्ज. केदारात गंधार नाममात्र, तीव्र मध्यमाची झाक. बहारात कोमल गंधार, दोन्ही निषाद, वसंताची लगबग. स्वभाव किती वेगळे! एक रात्रीचा गंभीर, दुसरा फुललेल्या बागेतला. पण मध्यम हा दोन्ही घरांचा सामाईक उंबरठा आहे. त्या उंबरठ्यावर उभे राहिले की इकडेही जाता येते आणि तिकडेही. हा उंबरठा दिसायला शास्त्र लागते, ते भातखंड्यांनी दिले. तो ओलांडताना गाणे अडखळू नये, ही नजाकत खाँसाहेबांनी दिली. आणि तो ओलांडावासा वाटणे, हे मात्र कुणी देत नाही. ती रचनाकाराची स्वतःची भूक असते.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. तरुणपणी मी एका वर्गात बंदिश शिकलो. स्थायी बसली, अंतरा आला, शेवटी ‘सुजान’ हा शब्द आला. मला वाटले, शहाणा, जाणता अशा अर्थाचे ते विशेषण असेल, म्हणून मी तो शब्द गात राहिलो. कितीतरी वर्षे. तो एका माणसाचा स्वाक्षरीचा शब्द आहे हे कळले, तेव्हा मी सुन्न झालो. इतकी वर्षे मी ज्यांचे नाव रोज घेत होतो, ते कोण हे मला माहीतच नव्हते! बंदिशीत असे आपले टोपणनाव गुंफायची चाल जुनी आहे. फैयाज खाँ ‘प्रेमपिया’ झाले, विलायत हुसेन खाँ ‘प्राणपिया’ झाले, जगन्नाथबुवा पुरोहित ‘गुणिदास’ झाले. चित्रकार कोपऱ्यात सही करतो, आणि ती सही चित्राबरोबर थिजून राहते. बंदिशकाराची सही मात्र दर वेळी दुसऱ्याच्या आवाजात नव्याने होते. गाणारा गातो तेव्हाच ती होते, गायचा थांबला की पुसली जाते.

म्हणून मघाशी मेरिकांतोचे नाव घेतले. त्याचा ऑपेरा कागदावर वाट पाहू शकला. भातखंड्यांच्या स्वरलिपीमुळे आपल्या बंदिशीलाही कागदावर थांबता येऊ लागले. पण तेवढे पुरे नाही! पुस्तकात दिसतो तो स्वर, त्यातली मींड किती लांब, कण किती हलका, हे खूण सांगू शकत नाही. ते गुरूच्या गळ्यातूनच घ्यावे लागते. रातंजनकरांनी दोन्ही वाटा चालू ठेवल्या. पुस्तक छापले आणि शिष्य घडवले. पुस्तक म्हणजे बीज साठवलेली कणगी, शिष्य म्हणजे पेरलेले शेत. एकावर भरवसा ठेवला असता तर पीक बुडाले असते.

चौथा मुद्दा आक्षेपांचा. मोठ्या माणसाविषयी बोलताना आक्षेप गाळले, तर तो त्याचा मान नव्हे.

पहिला आक्षेप असा की कॉलेजने कलावंत घडवले नाहीत, परीक्षार्थी घडवले. दुसरा असा की स्वरलिपीने रागांचे कंगोरे घासले, घराण्याघराण्यांतला फरक पुसला. तिसरा थेट रातंजनकरांवरचा. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली नभोवाणी मंत्री झाले. आकाशवाणीच्या कलावंतांची चाचणी घ्यायचे ठरले, आणि त्या कामात रातंजनकर अग्रभागी होते. पिढ्यान्‌पिढ्या गाणाऱ्या गवयांना ते अपमानाचे वाटले. आमची परीक्षा कोण घेणार, हा त्यांचा सवाल होता. विरोध मोठा झाला.

मी या गवयांची बाजू समजू शकतो. ज्याच्या आजोबाने दरबार गाजवला, त्याला रागाची व्याख्या विचारणे हे खरोखरच बोचणारे होते. गाणे हे सांगण्याआधी गाण्याचे असते. पण प्रश्न हाही आहे की, दरबार गेले, संस्थाने गेली, तेव्हा गाण्याला नवा आश्रयदाता मिळाला तो सरकारच्या रूपाने. सार्वजनिक पैशाने कोण गाणार, हे ठरवायला काही तरी उघड कसोटी नको का? रातंजनकरांची कसोटी कडक असेल, काही ठिकाणी चुकीचीही असेल. पण ती कोणाच्या मर्जीवर नव्हती. आणि परीक्षार्थी घडवल्याच्या आक्षेपाला उत्तर द्यायला मी शब्द वापरणार नाही. गिंडे, भट, नगरकर, कायकिणी यांची ध्वनिमुद्रणे ऐका. ती माणसे एका साच्यातली वाटतात का? एकाच गुरूचे शिष्य, आणि प्रत्येकाचे गाणे वेगळे. साच्यातून असे निघत नाही.

या दृष्टीची आणखी एक खूण समुद्रापलीकडे सापडते. १९५२ च्या सुमारास रेडिओ सिलोनने कलावंतांच्या चाचणीसाठी त्यांना बोलावले. ते तिथे गेले आणि त्यांनी सांगितले की, तुमचे संगीत तुमच्या लोकगीतांवर उभे करा. तिथेही चाचणीला विरोध झाला. पण मला महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा सल्ला. हिंदुस्थानी संगीताचा एवढा मोठा आचार्य परक्या देशात गेला, आणि आमचे उचला असे म्हणाला नाही. तुमच्या मातीत शोधा, असे म्हणाला. ज्याने स्वतः जुन्या मातीतून नवे पीक काढले होते, तोच असे म्हणू शकतो.

१९५७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्याच साली ते खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे कुलगुरू झाले. १९६३ साली संगीत नाटक अकादमीने फेलोशिप दिली. आपल्या गुरूचे छोटे चरित्रही त्यांनी लिहिले. १९६६ साली सरकारने कॉलेज हाती घेतले आणि मॅरिस यांचे नाव जाऊन भातखंड्यांचे आले. आज ते विश्वविद्यालय आहे. फिनलंडमध्येही असेच घडले होते. हेलसिंकीतल्या ज्या संगीत शाळेत सिबेलियस शिकले, तिला १९३९ साली त्यांचेच नाव मिळाले. पण एक फरक मला चटका लावतो. सिबेलियसचे नाव रचनाकार म्हणून दारावर गेले. आपण दारावर ग्रंथकाराचे नाव कोरले, ते योग्यच केले. रचनाकाराचे मात्र कुठे कोरले?

१४ फेब्रुवारी १९७४ रोजी अण्णासाहेब गेले. त्यांचे नाव कोरायला जागा कुठे आहे, हा प्रश्न मी आज तुमच्यापुढे ठेवणार होतो. पण बोलता बोलता माझे मलाच उत्तर सापडले. त्यांनी ती जागा स्वतःच निवडून ठेवली आहे. अंतऱ्याच्या शेवटच्या ओळीत. तिथे दगड लागत नाही, छिन्नी लागत नाही. गळा लागतो.

म्हणून माझी एकच विनंती आहे. इथून अमौसीला मेट्रो धरा, हजरतगंजला उतरा, थोडे चालले की कैसरबाग. आपल्या मुलांना एकदा परीखाना दाखवा, आणि सांगा, इथे आपल्या गावाकडचा एक माणूस शिकवत होता. आणि घरात ज्याला गाता येते त्याने सुजानची एक बंदिश शिकावी. एकच. गुरूसमोर बसून शिकावी, म्हणजे कागदावरच्या खुणांत जे मावत नाही तेही हाती येईल. अंतरा चढेल, तार षड्ज लागेल, आणि परतताना तो शब्द येईल. मी केली ती चूक तुम्ही करू नका. तो विशेषण समजून गाऊ नका. हाक मारावी तसा गा.